आईच्या तव्याला तेल लागत नव्हतं

ही गोष्ट खरी आहे. मी खोटं बोलायला गेले की माझे कान लाल होतात, हे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी त्या फंदात पडत नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीचा चौदा ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन. ओहायो नदीच्या काठच्या टेकड्यांत आमचं खोरं आहे, त्यात माझं घर. स्वयंपाकघराच्या तिन्ही खिडक्या उघड्या होत्या.

भुताला अंधार लागतो असं कोण म्हणतं, मला माहीत नाही.

मी निओमा. वय बासष्ट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरामागच्या शेडमध्ये मी जुने बिडाचे तवे साफ करते. गंजलेले, काजळलेले, कोंबड्यांना दाणे घालायला वापरलेले, कसलेही आणा. दोन जिल्ह्यांतले लोक माझ्याकडे येतात. दिवसभर माझी नात माझ्याकडे असते. टेसी. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती.

आता तव्याचं सांगते.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो फक्त तिचा तवा. बिडाचा, खोलगट, दांड्याचा, पण वरून निकेलचा मुलामा दिलेला. सगळ्यांच्या घरी काळे तवे, आमच्या आईचा चांदीसारखा. तो आईच्या माघारी विल्डाकडे राहिला, तिच्या भिंतीवर टांगलेला.

विल्डा माझी मोठी बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. केस विंचरले, शाळेत सोडलं, माझ्या लग्नाचा झगा शिवला. आई म्हणजे काय ते मला तिच्याकडूनच कळलं. मी साठीची झाले तरी ती मला छकुली म्हणायची.

तो तवा मी तिच्याकडे किती वेळा मागितला असेल! दर वेळी एकच उत्तर. "थांब गं. देईन कधीतरी."

सप्टेंबरात विल्डा आपलं घर सोडून गावातल्या म्हाताऱ्यांच्या सदनिकेत राहायला गेली. सामान बांधताना तिने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. वजनावरूनच मी ओळखलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "आता टेसीला पहिला मक्याचा पाव यातलाच. आईच्या तव्यातला."

विल्डा खोका चिकटवत होती. तिचा हात थांबला.

"लटकवलास तरी छान दिसेल," ती म्हणाली.

"लटकवायला काय ती तसबीर आहे? तवा आहे तो. बरं, गिऱ्हाइकांना विचारते तेच तुला विचारते हं बाईसाहेब. यात कुणी कधी शिसं वितळवलंय का?"

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. आमच्याकडे नदीत गळ टाकणारे, शिकार करणारे लोक घरीच शिशाची वजनं आणि गोळ्या ओतायचे, आणि त्यासाठी हाताला लागेल तो तवा चुलीवर चढवायचे. एकदा शिसं वितळवलेला तवा पुन्हा जेवणाला चालत नाही. कितीही घासा. ते विष बिडात मुरतं.

विल्डाने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नाही. आईच्या मक्याच्या पावाशिवाय यात काही पडलेलं नाही."

झालं. मी तवा घरी आणला.

आता माझी चूक सांगते. या धंद्यातल्या माणसाने करू नये अशी चूक. शिसं ओळखायच्या काड्या मिळतात. ओली काडी तव्यावर घासायची, गुलाबी झाली की तवा बाद. परक्या माणसाचा प्रत्येक तवा मी आधी तपासते. पण घरचा तवा कोण तपासतं? सख्ख्या बहिणीने डोळ्यांत बघून सांगितल्यावर काडी काढायची म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटारडी म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे कुणी तसं करत नाही.

मीही नाही केलं.

निकेलचा तवा फार जपून साफ करावा लागतो. त्याला जाळात टाकायचं नाही, मुलामा उडतो. व्हिनेगर लावायचं नाही, चट्टे पडतात. तारेचा ब्रश तर लांबच ठेवायचा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चार दिवस बुडवला आणि थंड पाण्याखाली धरला. पन्नास वर्षांची काजळी जॅमसारखी गळून पडली. खालून पिवळसर चंदेरी निकेल वर आलं. फक्त मधोमध, जिथे आईचा चमचा फिरायचा, तिथे मुलामा झिजून करडं बीड उघडं पडलं होतं. मी त्या जागेवर बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मग त्याला तेल पाजायला घेतलं, म्हणजे चरबीचा थर भाजून बिडात बसवायला. तवा कोरडा करायचा, चरबीचा अगदी पातळ हात फिरवायचा, मग सगळं पुसून टाकायचं. इतकं पुसायचं की काही उरलंच नाही असं वाटलं पाहिजे. मग उपडा करून तापलेल्या ओव्हनमध्ये तासभर. त्या वेळी घरभर एक जळका, खमंग वास सुटतो. शेजारची बाई दोन घरं पलीकडून ओरडते, "निओमा, आज कुणाचा तवा?"

त्या मंगळवारी मी ओव्हन लावला. टेसीला झोपवलं.

वीस मिनिटं झाली…

वास नाही.

चाळीस मिनिटं…

तरीही नाही. मी ओव्हनला नाक लावलं. तेलाचा नाही, धुराचा नाही, कसलाच वास नाही.

तासाने तवा काढला. कडांवर तेल छान धरलं होतं. मधली जागा मात्र कोरी करकरीत. कुणीतरी नुकतीच घासल्यासारखी.

मी म्हटलं, निकेलवर तेल धरत नाही, हे काय आपल्याला नवीन आहे? पण मधे निकेल नव्हतंच ना. तिथे बीड होतं, आणि बीड तेल पिणार नाही असं माझ्या उभ्या आयुष्यात झालेलं नाही.

गुरुवारी दुसरा हात दिला. तवा निवायला चुलीवर ठेवला आणि टेसीजवळ जाऊन आडवी झाले. दुपारचाच सुमार. फ्रिजची घरघर नेहमीसारखी ऐकू येत होती.

अचानक ती बंद झाली.

आणि मग…

घस… घस… घस…

स्वयंपाकघरातून. सावकाश, जोर लावून. मधेच थांबायचं, जणू कुणी दम खातंय. पुन्हा घस… घस…

मला वाटलं लेक लवकर आली. मी हाक मारली, "कार्ला?"

आवाज थांबला.

मी गेले. कुणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं. तवा चुलीवर नव्हता. सिंकमध्ये होता, ओला. मधली जागा कोरी. आणि सिंकच्या तळाशी बारीक, तपकिरी रेती होती.

नदीतली रेती. माझ्या घरापासून नदी तीन मैलांवर आहे.

मी विल्डाला फोन लावला. हसत हसतच सगळं सांगितलं, कारण हसले नसते तर रडले असते. रेतीचं ऐकलं आणि ती गप्प झाली. इतकी गप्प की मला वाटलं फोन कट झाला.

"विल्डा?"

"ऐकतेय गं." मग ती हसली. "तुझं वय झालं छकुले. तवा घासून ठेवतेस आणि विसरतेस. टेसी बरी आहे ना?"

"मस्त आहे. शनिवारी मक्याचा पाव करणार आहे तिच्यासाठी."

"बरं," विल्डा म्हणाली.

फक्त "बरं". हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शुक्रवारी मी तिसरा हात दिला आणि ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, बघतेच. भर दुपारी, सगळे दिवे लावून, हलायचं नाव नाही. माझं मांजर नेहमी ओव्हनपाशी येऊन पसरतं. ते दारातच थांबलं, आत बघितलं आणि शेपटी फुगवून निघून गेलं.

अर्धा तास… फ्रिजची घरघर थांबली.

घस…

मी खुर्ची पुढे ओढली.

घस… घस…

आवाज ओव्हनच्या आतून येत होता.

बंद, तापलेल्या ओव्हनच्या आतून!

मी दार उघडलं. आतली हवा चेहऱ्याला भाजली. उपडा ठेवलेला तवा सुलटा झाला होता. मी जाड हातमोजा घालून दांडा धरला आणि हातमोज्यातूनही मला जाणवलं.

तवा गार होता. नदीतून आत्ता काढल्यासारखा गार.

तेव्हा मला भीतीपेक्षा राग जास्त आला. हो, राग. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने बोलले, "आई, तूच आहेस ना? मग विल्डाच्या भिंतीवर पन्नास वर्षं गप्प कशी बसलीस? माझ्याच घरी आल्यावर एवढं काय बिघडलं? ती तुझी मुलगी आणि मी कोण?"

फ्रिज पुन्हा घरघरायला लागला.

मला वाटलं, माझी आई मला तिचा तवा देत नाहीये. चार वर्षांची होते तेव्हा सोडून गेली, आणि आता एवढंसं मागतेय तर तेही काढून घेतेय. त्या रात्री मी रडले, आणि सकाळी हट्टाला पेटले. तेल लागो न लागो, पाव करायचाच!

शनिवारी दुपारी टेसीला तिच्या उंच खुर्चीत बसवलं. तवा तापवला, डुकराची चरबी घातली, मक्याचं पीठ आणि ताक फेटून ओतलं. पाव सोन्यासारखा फुगला. काहीही झालं नाही. घासल्याचा आवाज नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

एक तुकडा फुंकर घालून निववला आणि टेसीच्या तोंडात दिला.

तिने तोंड मिटलं. आणि मग…

फ्रिज बंद पडला.

टेसी माझ्याकडे बघत नव्हती. ती चुलीच्या उजव्या बाजूला बघत होती, वर, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं. हसली.

मग तिचे गाल दोन्ही बाजूंनी आत दबले.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हातभर अंतरावर होते मी. लहान मुलाने माती खाल्ली की आपण एका हाताने गाल दाबून तोंड उघडतो ना, अगदी तसे. अंगठ्याचा खळगा एका गालावर, दोन बोटांचे दुसऱ्या गालावर. टेसीचं तोंड उघडलं. आतला तुकडा पुढे आला, कुणीतरी बोटाने ओढल्यासारखा, आणि ताटलीत पडला.

सगळाच्या सगळा. कण न कण.

मग गालांवरचे खळगे गेले. टेसी रडली नाही. तिच्या खालच्या ओठावर रेतीचे दोन कण होते.

माझं डोकं, पहिल्यांदाच, चालायला लागलं. आई मला तवा देत नव्हती असं नाही. आई टेसीला त्यातलं खाऊ देत नव्हती.

मी शेडमध्ये गेले. काड्यांचं पाकीट फोडलं. आईचा चमचा फिरायचा त्या करड्या जागेवर काडी घासली.

गुलाबी झाली. मग लाल.

कार्लाला बोलावून टेसीला तिच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं, रक्त तपासायला. आणि मी विल्डाकडे गेले. ती काडी एका पिशवीत घालून.

ती नव्या स्वयंपाकघरात बीन्स निवडत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने ती बघितली आणि बीन्स निवडणं चालू ठेवलं.

"कुणी?" मी विचारलं.

"बाबांनी. आई रविवारी चर्चला गेली की. गळाची वजनं ओतायचे. निकेलला शिसं चिकटत नाही म्हणायचे, म्हणून तोच तवा. मी साचा धरायचे. मग पुसून खिळ्याला टांगायचो. आईला सांगू नकोस म्हणाले."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"बारा वर्षांची होते गं."

"आईला कळलंच नाही?"

"शेवटच्या हिवाळ्यात कळलं. दांड्याच्या सांध्यात एक थेंब राहिला होता, चकाकणारा. तोवर तिची मनगटं लुळी पडली होती. पोटात कळा यायच्या. डॉक्टर म्हणाला, मनाचं दुखणं आहे. ती रोज नदीवरून रेती आणायची आणि तवा घासत बसायची. तसल्या हातांनी. मी म्हणायचे, फेकून दे. तर म्हणायची, तिच्या आईने दिलाय, निघेल, घासला की निघेल."

मी बसले.

"मग ती गेल्यावर तरी फेकलास का नाही?"

विल्डाने बीन्सचं भांडं बाजूला केलं. आता ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बाबांचा पाव मी त्यात करायचे," ती म्हणाली. "रोज."

मला कळायला वेळ लागला.

"माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच. तीन वर्षं लागली."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत होती. ती गेल्यावर मी विचारलं.

"तू काय खायचीस?"

"बिस्किटं. दुसऱ्या तव्यात."

"आणि मी?"

"तुझ्यासाठीही दुसऱ्या तव्यातच करायचे, देवाशप्पथ. पण तू बाबांच्या मांडीवर बसायचीस. त्यांच्याच ताटात हात घालायचीस. मी किती वेळा तुझा हात बाजूला केला. मारलंसुद्धा."

"तीन वर्षं मी ते खाल्लं?"

"थोडंथोडं."

थोडंथोडं! मी तिच्याकडे बघत राहिले. हीच माझे केस विंचरायची. मला शाळेत अक्षरं लवकर समजली नाहीत, पोटात दुखतं म्हणून मी वर्गात रडायचे, तेव्हा हीच मला कुशीत घ्यायची. तिला कारण माहीत होतं. रोज, प्रत्येक वेळी माहीत होतं.

"ते झालं ते झालं," मी म्हटलं. "पण टेसी? मी तुला तोंडावर विचारलं होतं, विल्डा. शनिवारी पाव करणार हेही सांगितलं होतं."

"मला वाटलं तू तपासशील," ती म्हणाली. "सगळ्यांचे तर तपासतेस."

मी तिला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती, अजून वाटतं. मी नुसती उठून आले. बाबांनी आईला फसवलं, विल्डाने बाबांना फसवलं, आणि त्या दोघांच्या मधे मी ताटात हात घालून बसले होते. लहानपणापासून आपलं म्हणायला मला एकच माणूस होतं, तेही गेलं.

टेसीच्या रक्तात काही निघालं नाही. माझंही तपासलं. डॉक्टर म्हणाले, हाडांत मुरलेलं आहे, फार जुनं दिसतंय, लहानपणी कुठे राहत होतात?

तवा आणि सोड्याची टाकी, दोन्ही मी जिल्ह्याच्या विषारी कचऱ्यात देऊन आले. घासायचा आवाज त्या दिवसापासून बंद झाला. मला वाटलं संपलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी विल्डा आली. मी बोलावलं नव्हतं. कार्लाने बोलावलं, मी तिला सगळं सांगितलं नव्हतं म्हणून. विल्डाने काचेच्या नव्या डब्यात रताळ्याची खीर आणली होती. नवाकोरा डबा, अजून खालची चिकटपट्टी निघाली नव्हती. टर्की कापून झाली, प्रार्थना झाली. विल्डाचे डोळे सुजलेले होते. ती बारीक आवाजात म्हणाली, "मी भरवू का तिला? एकच घास."

कार्ला म्हणाली, "भरव की मावशी, विचारतेस काय?"

मी अडवलं नाही. मनात आलं, बहात्तर वर्षांची आहे. किती दिवस उरलेत तिचे?

विल्डाने चमचा भरला. फुंकर घातली. टेसीच्या तोंडापाशी नेला.

स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर थांबली.

टेसीने चमच्याकडे बघितलं नाही. तिने चुलीच्या उजव्या बाजूला बघितलं. वर. बराच वेळ. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि ती ऐकतेय, असं.

मग तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

कार्ला हसली, "पोट भरलं असेल." मी हसले नाही. विल्डाही नाही. ती चुलीच्या त्या बाजूकडे बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "या वेळी काही नाही गं त्यात."

तिने चमचा खाली ठेवला, कोट घातला आणि निघून गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. मी फोन केलेला नाही.

तो डबा माझ्या फ्रीजरमध्ये आहे. सात महिने झाले. काड्या शेडमध्ये आहेत, वीस पावलांवर. दर दोन-चार दिवसांनी मी डबा बाहेर काढते, टेबलावर ठेवते, आणि त्याच्याकडे बघत बसते.

अजून तपासलेला नाही. काडी कोरी निघाली तर मी विल्डाला काय सांगू? आणि गुलाबी निघाली तर?